एकतारी

अंगठा आणि तर्जनी.
या दोन बोटांवर माझं घर चाललं एकतीस वर्षं.
कढईतला पाक उचलायचा, चिमटीत धरायचा,
बोटं हळू फाकवायची.
एक तार आली की बुंदी.
दोन तारा आल्या की बालुशाही.
तुटली तर अजून एक लाकूड सार चुलीत.
आणि मग बोटं चाटायची.
तेवढंच. आचारी आपलं रांधलेलं खात नाही,
हे मी आशा प्रणोतीताईला शपथेवर सांगितलं.

तिनं तीच तर्जनी धरली.
सुई टोचली, थेंब पट्टीला लावला.
मी वाट बघितली, पाकाची बघतो तशी.
दोनशे ब्याण्णव.
"रेवारामभाऊ, पाक तर तुमच्यातच झाला जी."

लाखांदूरच्या डॉक्टरांनी मिठाईचं विचारलंच नाही.
विचारलं, भात किती?
चुलबंदच्या काठावर माणसाला
भात किती, असं विचारतात का?
सकाळी शिळा, दुपारी ऊन ऊन,
रात्री वरणात कालवून, उन्हाळ्यात पेज.
लग्नाला भात, तेरवीला भात,
ताप आला तर मऊ भात.
"वाटीभर," ते म्हणाले, कागदावरून मान न उचलता.
शेवंतानं घरी येऊन वाटी शोधली.
आमच्याकडे भाताला वाटी कधी लागलीच नव्हती.

लेक दिली दर्यापूरकडे.
पहिल्या वर्षी कुंदा फोनवर रडायची,
बाबा, इथं भाकरच भाकर,
भात म्हणजे शेवटचे चार घास, ताकाच्या नावानं.
मी चिन्नोराचं पोतं भरून पाठवलं होतं,
वर निळ्या रंगानं माझं नाव, वाकडं.
या दिवाळीनंतर तेच पोतं परत आलं,
तेच नाव,
आत ज्वारी.
मागून फोन: "आईले म्हना, पानी कढत घे,
नाहीतर थापताना फाटते."

फाटली. पंधरा दिवस फाटली.
शेवंता परातीवर खेकसायची,
हे पीठ आहे का माती?
मी तुकडे खायचो लाखोरीच्या भाजीशी,
आणि पोट विचारायचं, बरं, आता जेवन कधी?
एका रात्री उठलो. भाताच्या गंजावरचं झाकण
आवाज न करता बाजूला ठेवलं.
चार मुठी खाल्ल्या, उभ्यानं, चोरासारख्या.
सकाळी यंत्रानं चहाडी केली.
शेवंता काही बोलली नाही.
त्या दिवसापासून तिनंही भाकरच खाल्ली,
जिला डॉक्टरांनी काहीच सांगितलं नव्हतं.

सात महिने.
एकशे अडतीस.
मी विचारलं, गेली का साखर?
डॉक्टर म्हणाले, गेली नाही,
उंबऱ्याबाहेर बसली आहे.
दार उघडं दिसलं की आत येईल.
गोळी अर्धी करू.
अर्धी गोळी शेवंता अडकित्त्यानं कापते,
दुसरा अर्धा कुंकवाच्या रिकाम्या डबीत.

काल बारव्ह्याला लग्न होतं,
चाळीस किलो साखरेचं.
पाक उचलला, बोटं फाकवली.
तार आली, लांब, उन्हात चमकली.
बोटं आपोआप तोंडाकडे निघाली
एकतीस वर्षांच्या पायवाटेनं.
अर्ध्यात वळवली. दुपट्ट्याला पुसली.
दुपट्ट्याचा तो कोपरा आता कडक झालाय,
माश्या बसतात.

मांडवामागं डबा उघडला.
भाकर गोल होती, कुठंच न फाटलेली.
कधीपासून अशी होऊ लागली,
माझ्या लक्षातच आलं नाही.
वाढपी पोरगा भाताची बादली घेऊन आला,
"भाऊ, टाकू का?"
"वाटीभर," मी म्हणालो.
तो बादली तिथंच ठेवून
वाटी शोधायला गेला.